नायक कोण आणि खलनायक कोण?

नाटकगृहात बसलेल्या मनुष्यास खलनायक ओळखण्यास फारसे श्रम पडत नाहीत. पडदा वर जाऊन घटकाभर होते न होते तोच त्याच्या चालण्यावरून, मिशांच्या पिळावरून आणि हसण्याच्या तऱ्हेवरून प्रेक्षकांचा निकाल होऊन जातो. हा निकाल कित्येकदा इतका पक्का बसतो की, खेळ संपला तरी तो नटाच्या अंगास चिकटून राहतो. निळू फुले यांनी पडद्यावर गावचे मग्रूर पुढारी आणि लंपट पाटील असे हुबेहूब उभे केले की, अनेक भोळ्या स्त्रिया त्यांस प्रत्यक्षातही दुष्ट समजून बोल लावीत. वस्तुतः हा गृहस्थ राष्ट्र सेवा दलाच्या शिस्तीत वाढलेला आणि समाजकार्यास वाहून घेतलेल्या कार्यकर्त्यांसाठी सामाजिक कृतज्ञता निधी उभा करण्याच्या कामी डॉ. श्रीराम लागू यांच्या खांद्यास खांदा लावून झटणारा होता.

तीन तासांच्या खेळात नट आणि पात्र यांतील भेद ज्यांस राखता येत नाही, त्यांस जेथे कोणीही रंग लावून येत नाही अशा प्रत्यक्ष व्यवहारात नायक आणि खल यांतील भेद कसा कळावा? आणि असे प्रेक्षक म्हणजे कोणी परके लोक नव्हेत. ते आपणच आहो. हा प्रश्न केवळ करमणुकीचा असता तर त्यासाठी आम्ही ही जागा खर्ची घातली नसती. मत देताना, पंच नेमताना, भागीदार निवडताना, मुलीस स्थळ पाहताना, इतकेच काय पण पूर्वजांचे पुतळे उभारताना आपण हाच निवाडा करीत असतो. आणि तो चुकला म्हणजे त्याची किंमत केवळ एका तिकिटाच्या पैशांत भागत नाही.

या निवाड्यासाठी लोक ज्या कसोट्या लावितात त्यांपैकी पहिली पराक्रमाची. जो शूर तो नायक, अशी आपली समजूत लहानपणापासून झालेली असते. आमच्या जुन्या साहित्यशास्त्रकारांनी मात्र ही चूक केली नाही. त्यांनी नायकाचे धीरोदात्त, धीरललित, धीरप्रशांत व धीरोद्धत असे चार प्रकार मानिले. आणि दहाव्या शतकातील धनंजयाने आपल्या 'दशरूपका'त प्रतिनायकाचे लक्षण सांगताना त्यासही धीरोद्धतच म्हटले. म्हणजे धैर्य हा गुण दोघांसही सारखाच दिला. प्रतिनायकाचे वेगळेपण त्याने लोभ, ताठा, पापाचरण आणि व्यसन यांत दाखविले. शेक्सपिअरच्या मॅकबेथचेही असेच आहे. शिवराम महादेव परांजपे यांनी 'मानाजीराव' या नाटकाने तो मराठी रंगभूमीवर आणिला. मूळ नाटकाच्या आरंभी आपल्यास काय ऐकू येते? रणांगणावरून आलेला एक जखमी शिपाई राजापुढे मॅकबेथच्या शौर्याचे वर्णन करीत असतो. जो हात पहिल्या अंकात राज्य राखतो, तोच दुसऱ्या अंकात निजलेल्या राजाचा प्राण घेतो. हाताचे बळ तेच. मग मध्यंतरी बदलले काय?

हे कवीचे कल्पनाचित्र आहे असे कोणी म्हणेल तर आमच्याच इतिहासात याचा जोड सापडतो. रघुनाथराव पेशवे, ज्यांस महाराष्ट्र राघोबादादा म्हणून ओळखतो, हे १७५८ च्या एप्रिलमध्ये लाहोरास पोहोचले आणि त्या स्वारीत मराठ्यांची ठाणी अटकेपर्यंत गेली. 'अटकेपार झेंडे लाविले' हा आपल्या नित्याच्या बोलण्यातील अभिमानाचा शब्द याच पुरुषाच्या मोहिमेने आपल्यास दिला. आणि पुढे पंधरा वर्षांनी, ३० ऑगस्ट १७७३ रोजी, पुण्याच्या शनिवारवाड्यात अवघ्या अठरा वर्षांच्या नारायणराव पेशव्यांचा गारद्यांनी खून केला, तेव्हा त्या कटाच्या मुळाशी ज्याचे नाव निघाले तोही हाच पुरुष, मारल्या गेलेल्या मुलाचा सख्खा चुलता. शौर्य ही जर नायकाची कसोटी असेल, तर १७५८ चे दादासाहेब आणि १७७३ चे दादासाहेब ही दोन माणसे मानावी लागतील. मनुष्य तर एकच होता.

या खुनाविषयी 'ध' चा 'मा' केल्याची कथा आबालवृद्धांस ठाऊक आहे. रघुनाथरावांनी नारायणरावास 'धरावे' असा हुकूम लिहिला आणि आनंदीबाईंनी एक अक्षर फिरवून त्याचे 'मारावे' केले, अशी ती कथा आहे. ती खरी की खोटी याचा वाद इतिहाससंशोधकांनी करावा. आमचा आक्षेप निराळा आहे. ही कथा इतकी लोकप्रिय का झाली? आम्हांस वाटते, ती सोयीची आहे म्हणून. एका स्त्रीच्या लेखणीवर सगळे पाप लोटले म्हणजे चुलत्याचा दोष हलका होतो, गारद्यांचा दोष हलका होतो आणि वाड्यात राहून ज्यांनी पाहूनही पाहिले नाही त्यांचा तर उरतच नाही. मॅकबेथची गोष्ट सांगतानाही कित्येक लोक सारा दोष त्याच्या बायकोच्या माथी मारून मोकळे होतात. परंतु नाटककाराने त्यास असे मोकळे सोडलेले नाही. राजा आपला आप्त आहे, आपण त्याचे सेवक आहो आणि आज तो आपल्या घरचा पाहुणा आहे, ही तिन्ही बंधने मॅकबेथ स्वतःच्या तोंडाने मोजून दाखवितो आणि मग ती तोडतो.

कायद्याच्या दृष्टीने पाहिले तर 'ध' चा 'मा' झाला होता असे गृहीत धरूनही रघुनाथराव सुटत नाहीत. एका कृत्यास चिथावणी द्यावी आणि हातून दुसरेच कृत्य घडावे, असे झाल्यास ते दुसरे कृत्य जर त्या चिथावणीचा संभवनीय परिणाम असेल तर चिथावणी देणारा त्यासही जबाबदार, असे तत्त्व १८६० च्या दंडसंहितेत घातलेले होते. आणि २०२४ साली तिच्या जागी भारतीय न्याय संहिता आली तरी हे तत्त्व तसेच राहिले आहे. पगारासाठी खवळलेल्या हत्यारबंद गारद्यांस राज्याच्या धन्यावर सोडणाऱ्याने 'मी केवळ धरावयास सांगितले होते' असे म्हणावे, हा बचाव कोणत्या न्यायाधीशास पटेल? आणि अक्षराचा दोष मान्य केला तरी त्यानंतरचे काय? पुतण्याच्या रक्ताने रिकामी झालेली गादी रघुनाथरावांनी स्वीकारली. ती तर कोणी अक्षर फिरवून त्यांच्या हाती दिलेली नव्हती.

तेव्हा शौर्य, कुल आणि बुद्धी या कसोट्या निरुपयोगी ठरल्या. मग खरी कसोटी कोणती? आमच्या व्यापारी वाचकांस ती त्यांच्याच धंद्यातील दाखल्याने सांगतो. बाजारात लबाड दुकानदार कसा ओळखावा? त्याची दुकानाची पाटी, त्याचे गोड बोलणे किंवा त्याने देवळास दिलेली देणगी पाहून ते कळत नाही. त्याच्याजवळ घेण्याचे माप एक आणि देण्याचे माप दुसरे आहे काय, एवढे पाहावे लागते. नायक आणि खल यांतील भेद नेमका हाच आहे. जो नियम मनुष्य इतरांस लावितो, तोच नियम स्वतःवर उलटला असता तो मान्य करितो काय? मान्य करील तो नायकाच्या वाटेवर आहे. 'नियम खरा, पण मी त्यास अपवाद' असे जो म्हणतो तो, त्याचा इतिहास कितीही उज्ज्वल असो, खलाच्या वाटेस लागला.

या कसोटीवर पेशव्यांच्या घरातीलच दोन पुरुष लावून पाहा. माधवराव पेशव्यांस त्यांच्या चुलत्याने थोडा त्रास दिला नाही. अखेर १७६८ साली धोडपच्या किल्ल्याजवळ माधवरावांनी त्यांचा पराभव केला आणि त्यांस पुण्यात नजरकैदेत ठेविले. बंडखोर चुलता हाती सापडला असता त्याचा काटा काढण्यास त्या काळच्या राजकारणात सबबी पुष्कळ होत्या. पण त्यांनी चुलत्याच्या जिवास अपाय केला नाही. याच माधवरावांची आणखी एक गोष्ट ग्रँट डफ याने १८२६ साली छापलेल्या मराठ्यांच्या इतिहासात दिली आहे. ते जपध्यानात मग्न होऊन राज्याच्या कामाकडे दुर्लक्ष करू लागले, तेव्हा रामशास्त्री प्रभुणे यांनी त्यांस तोंडावर सुनावले की, ब्राह्मणाचा आचार पाळावयाचा असेल तर गादी सोडून माझ्याबरोबर काशीस चला. गादीवर बसावयाचे असेल तर प्रजेचे काम करा. राज्याच्या धन्याने नोकराचे हे बोलणे ऐकून घेतले आणि आपला क्रम बदलला. आम्ही धोडपच्या विजयापेक्षा या ऐकून घेण्यास अधिक मोठा पराक्रम समजतो.

आता त्याच रामशास्त्र्यांपुढे रघुनाथराव कसे उभे राहिले ते पाहा. नारायणरावांच्या खुनाची चौकशी करून शास्त्र्यांनी दोष थेट गादीवर बसलेल्या पुरुषाकडे नेला. रघुनाथरावांनी प्रायश्चित्त विचारिले. तेव्हा देहान्त हेच याचे प्रायश्चित्त, असे सांगून आणि तुम्ही कारभारी आहा तोवर मी पुण्यात पाऊल ठेवणार नाही असे बजावून शास्त्री वाईजवळच्या एका खेड्यात जाऊन राहिले. प्रायश्चित्त विचारणे याचा अर्थ नियम खरा आहे हे कबूल करणे. पण तो नियम आपल्यावर चालू द्यावयाचा नाही, हा दादासाहेबांचा निश्चय होता. येथेच त्यांच्या चरित्राचा काटा फिरला. पुढे बारभाईंनी त्यांच्याविरुद्ध कारभार हाती घेतला, नारायणरावांच्या पश्चात १७७४ साली जन्मलेल्या सवाई माधवरावांस गादी मिळाली. आणि रघुनाथरावांनी १७७५ च्या मार्चमध्ये सुरतेस मुंबईकर इंग्रजांशी तह करून, मदतीच्या मोबदल्यात वसई आणि साष्टी देऊ केली. वसई म्हणजे तीच, जी त्यांचे चुलते चिमाजीअप्पा यांनी १७३९ साली पोर्तुगीजांपासून अपार रक्त सांडून घेतली होती. ज्यास स्वतःसाठी एक अपवाद हवा असतो त्यास तो टिकविण्यासाठी दुसरा लागतो, दुसऱ्यासाठी तिसरा लागतो. आणि शेवटी राज्याचा मुलूखही त्या खात्यात खर्ची पडतो.

हीच कसोटी काव्यनाटकांस लावली असता काय दिसते? शूद्रकाचे 'मृच्छकटिक' गोविंद बल्लाळ देवलांनी मराठीत आणिल्यापासून आमच्या प्रेक्षकांच्या परिचयाचे आहे. त्यातील शकार हा राजाचा शालक. वसंतसेनेने त्यास झिडकारिले म्हणून तो तिचा गळा दाबतो, ती मेली असे समजून निघून जातो आणि निर्दोष चारुदत्तावरच खुनाची फिर्याद लावितो. न्यायाधीश त्या दिवशी त्याचे प्रकरण घेण्यास नाखूष असतो. तेव्हा शकार त्यास राजाकडून बडतर्फ करविण्याची धमकी देतो आणि न्यायाधीश नमतो. शकार मूर्ख आहे म्हणून आपण हसतो. पण त्याचा मूर्खपणा काढून टाकिला तरी त्याचा खलपणा उरतोच. तो खलपणा 'मी कोणाचा शालक आहे, ठाऊक आहे ना?' या एका वृत्तीत आहे. आमच्या किती कचेऱ्यांच्या दारांत ही वृत्ती आजही रोज ऐकू येते, हे वाचकांस सांगावयास नको.

याच नाटकात स्थावरक नावाचा शकाराचा गाडीवान दास आहे. धन्याने त्यास वसंतसेनेस मारण्याचा हुकूम केला, दागिन्यांची लालूच दाखविली, नंतर मारहाण केली. पण त्याने हात उचलला नाही. पुढे धन्याने साखळदंडात जखडून ठेविले असता चारुदत्तास वधस्थानी नेताना पाहून तो वरून उडी टाकितो आणि खरे काय ते ओरडून सांगतो. त्याचे बोलणे कोणी मनावर घेत नाही, ही गोष्ट वेगळी. शनिवारवाड्यातील गारद्यांनी हुकूम मानिला; शूद्रकाच्या दासाने मानिला नाही. नायक होण्यास राज्य लागत नाही, तलवार लागत नाही, प्रेक्षकांची टाळीही लागत नाही. धन्याच्या हुकमाहून मोठा असा काही नियम आहे आणि तो आपल्यासही लागू आहे, एवढे समजावे लागते.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की, ज्यास समाजाने छळले त्यास नियमाचे माप कसे लावावे? कर्णाचे उदाहरण यासाठी नेहमी दिले जाते. शिवाजी सावंतांच्या 'मृत्युंजय' या १९६७ च्या कादंबरीने तर कर्ण घरोघरच्या तरुणांचा नायक झाला. कर्णावर अन्याय झाला यात संशय नाही आणि त्याचे दातृत्वही खरे. पण व्यासांच्या सभापर्वात द्रौपदीस फरफटत आणिली असता कर्ण काय करितो? दुर्योधनाचाच धाकटा भाऊ विकर्ण उठून हे अन्याय्य आहे असे सांगतो; आणि त्यास गप्प बसवून द्रौपदीची वस्त्रे हिरावण्यास दुःशासनास सांगणारा कर्णच आहे. जन्मावरून अपमान होण्याचे दुःख ज्यास ठाऊक होते, त्यानेच एका असहाय स्त्रीचा भर सभेत अपमान करविला. आम्ही दुःखास सहानुभूतीचे कारण समजतो. ते सवलतीचे कारण होऊ शकत नाही. याउलट विकर्ण पुढे कौरवांच्या बाजूने लढला आणि मेला, तरी त्या एका दिवसासाठी त्याचे नाव आदराने घेतले जाते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. नियमच अन्यायाचा असेल तर तो पाळणारा नायक आणि मोडणारा खल, असे म्हणावयाचे काय? मुळीच नाही. नियम मोडणे आणि स्वतःस नियमातून वगळणे यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे. महाडच्या चवदार तळ्याचे प्रकरण पाहा. सीताराम केशव बोले यांच्या ठरावाने १९२३ साली मुंबई कायदेमंडळाने सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांस खुले केले. महाडच्या म्युनिसिपालिटीनेही १९२४ साली तसा ठराव केला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या अनुयायांसह त्या तळ्याचे पाणी प्यायले. ज्यांनी नंतर परिषदेच्या लोकांवर लाठ्या चालविल्या ते स्वतःस धर्मरक्षक म्हणजे नायकच समजत होते. खलनायकाची ही एक खूणच आहे की, आरशात त्यास नायक दिसतो. आंबेडकरांनी आपल्या लोकांस उलट हात उचलू दिला नाही. त्याच वर्षीच्या डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह ठरला, तो दिवाणी कोर्टाचा मनाई हुकूम निघाला. हजारो लोक जमलेले असताना त्यांनी तो हुकूम मानिला आणि लढा कोर्टात नेला. मुंबई हायकोर्टाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला तो १९३७ साली. सत्य आपल्या बाजूस आहे हे पुरते ठाऊक असता दहा वर्षे न्यायाची वाट पाहणे यास काय म्हणावे?

त्याचप्रमाणे १९०८ साली लोकमान्य टिळकांनी राजद्रोहाच्या खटल्यात सहा वर्षांची शिक्षा भोगण्यास मंडाले गाठले आणि १९२२ साली अहमदाबादच्या कोर्टात गांधीजींनी आरोप कबूल करून अधिकात अधिक शिक्षा मागितली. या सर्वांनी जे केले ते उघड केले, सर्वांच्या हितासाठी केले आणि परिणाम स्वतःच्या अंगावर घेतला. रात्री कट करून सकाळी कानांवर हात ठेवणाऱ्याशी त्यांची तुलना करणे म्हणजे सोन्याच्या भावाने पितळ विकणे होय.

आम्ही राष्ट्राभिमानी आहो आणि अटकेच्या स्वारीचा आम्हांस अभिमान आहे. पण राष्ट्राभिमान म्हणजे आपल्या माणसांच्या हिशेबातील खोट झाकणे, असा अर्थ कोणी करीत असेल तर तो आम्हांस मान्य नाही. आपल्या गावात एखाद्या वजनदार पुढाऱ्यावर, लोकप्रिय नटावर किंवा दानशूर सावकारावर गंभीर आरोप आला म्हणजे काय होते? त्याची पूर्वीची कामे मोजून दाखविली जातात. तक्रार करणारी स्त्री असेल तर तिचे चारित्र्य चघळिले जाते. आरोपी आपल्या जातीचा किंवा पक्षाचा असला तर मोर्चे निघतात, आणि परक्या पक्षाचा असला तर चौकशीपूर्वीच त्यास फासावर चढविले जाते. ही दोन मापे ज्यांच्या घरात आहेत त्यांनी खलनायक दूर शोधू नये. आरोपी आपला असो वा परका, पुरावा पाहावा, त्याचे म्हणणे ऐकावे, आणि दोष शाबीत झाल्यास शिक्षेच्या आड येऊ नये, एवढा एकच धडा आम्ही शिकलो तरी पुष्कळ होईल.

रामशास्त्री बारभाईंच्या कारभारात पुन्हा न्यायाधीशाच्या जागी आले आणि १७८९ साली निवर्तले. खाडिलकरांच्या 'भाऊबंदकी'त १९०९ साली आणि प्रभातच्या 'रामशास्त्री' या बोलपटात १९४४ साली महाराष्ट्राने त्यांस पुन्हा पाहिले व टाळ्यांचा कडकडाट केला. तो कडकडाट योग्यच होता. मात्र रामशास्त्र्यांस टाळी देण्यास काही खर्च येत नाही. ते निघून गेले तेव्हा पगार सोडावा लागला, पुणे सोडावे लागले आणि राज्याच्या धन्याचा रोष पत्करावा लागला. पुढच्या खेपेस आपल्याच माणसावर निकाल देण्याची पाळी येईल, मग ती पेढीवर असो, पंचायतीत असो की नगरपालिकेच्या सभेत असो, तेव्हा यांपैकी काय सोडण्यास आपण तयार आहो, हे प्रत्येक वाचकाने आजच मनाशी ठरवून ठेवावे.